माझं उत्तर अकरा आलं होतं

“उभी राहा. हे अकरा कुठून आणलंस ते सांग सगळ्यांना.”

मी उभी राहिले. सरांनी माझा पेपर दोन बोटांच्या चिमटीत धरला होता, घाण लागल्यासारखा. रविवारच्या टेस्टचे पेपर ते सोमवारी वाटायचे. वाटताना एखाद्याला उभं करायचे. त्या सोमवारी त्यांनी मला निवडलं.

प्रश्न ग्राफचा होता. एक वस्तू सरळ रेषेत चालली आहे. सुरुवातीचा वेग सेकंदाला तीन मीटर. ग्राफच्या उभ्या अक्षावर त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. आडव्या अक्षावर वस्तूचं स्थान, म्हणजे ती कुठवर पोहोचली ते. आकार त्रिकोणाचा. पाया चार, उंची चार. शेवटचा वेग काढा.

“त्रिकोणाचं क्षेत्रफळ आठ,” मी म्हणाले. “आधीचा वेग तीन. तीन अधिक आठ, अकरा.”

“आडव्या अक्षावर काय लिहिलंय?”

“एक्स.”

“एक्स म्हणजे वेळ?”

“नाही सर. स्थान.”

“वेळेचा ग्राफ असता तर क्षेत्रफळ सरळ वेगात मिळवता आलं असतं. हा वेळेचा नाही. मग का मिळवलंस?”

सरांनी वर्गाकडे तोंड केलं.

“मी सांगतो का ते. क्षेत्रफळ दिसलं, घेतलं उचलून. सवलतीचं खाऊन खाऊन लागलेली सवय. कुठं काय फुकट मिळतं, तेवढं या लोकांना बरोबर दिसतं.”

वर्ग हसला. सगळे नाही हसले. जे हसले नाहीत ते खाली वह्यांत बघत होते. मला दोन्ही सारखंच लागलं.

“बस. तुला काय टेन्शन? तुझा कटऑफ वेगळा. उद्यापासून वर बेसिकमध्ये जात जा.”

हे वर्ध्यातल्या एका क्लासमधलं आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर क्लास. दोन बॅच. एक रँकर बॅच, तिला एसीचा हॉल, मोठा पांढरा फळा, आणि स्वतः सर शिकवायला. दुसरी बेसिक, गच्चीवर टिनाच्या शेडखाली. एप्रिलमध्ये त्या टिनाखाली बसून बघा म्हणजे कळेल. बेसिकमध्ये कोण असायचं हे मी नव्याने सांगायला नको. गच्चीच्या जिन्याने वर जाणाऱ्या पोरांची आडनावं वाचली तरी पुरे. मी प्रवेशाची परीक्षा देऊन रँकरमध्ये बसले होते. फी बाबांनी इतरांसारखीच पूर्ण भरली होती. तरी सरांच्या तोंडी माझं नाव कधी आलं नाही. ‘स्कॉलरशिपवाली’ म्हणायचे. मला कुठलीही स्कॉलरशिप नव्हती.

मी बसले. पुढचा पेपर अथर्वचा. अथर्व म्हणजे डॉक्टरांचा मुलगा, पहिल्या बेंचवरचा, वर्गात पहिला येणारा. सरांनी त्याचा पेपर पाहिला आणि लाडात मान हलवली.

“अरे राजा, तूसुद्धा अकरा? एक्स वाचला नाहीस ना? घाई करतोस तू. सिली मिस्टेक. थोडी घाई कमी कर, बाकी तुला सांगायची गरज नाही.”

तोच त्रिकोण. तेच आठ. तेच अकरा.

मी शेजारच्या मुलीच्या पेपरात बघितलं. तिचंही अकरा. तिच्या पलीकडचीचं अकरा. आणि मग मला आठवलं की हे अकरा आम्हाला कोणी दिलं ते.

सरांची पद्धत होती. प्रत्येक धड्याचा एक नारा. पूर्ण बॅचने बेंचवर हात आपटत एका सुरात म्हणायचा. सर ओरडायचे, “त्वरणाचा ग्राफ दिसला?” आम्ही, “एरिया काढा!” “एरिया म्हणजे?” “वेग!” परत एकदा. अजून एकदा. खालच्या मोबाइलच्या दुकानातला माणूस वर बघायचा म्हणतात. सर सांगायचे, परीक्षेत विचार करायला वेळ नसतो, हात आपोआप चालला पाहिजे. आमचे हात आपोआप चालले. अख्ख्या रँकर बॅचचे हात चालले आणि अकरावर जाऊन थांबले. आडव्या अक्षावर काय आहे ते बघा, हे त्या नाऱ्यात कुठेच नव्हतं.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे. म्हण ऐकली की लोक हसतात. मला हसू येत नाही. अथर्वची चूक ही घाई होती. माझी चूक ही माझी जात होती. आणि चूक होती सरांची.

देवळीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. आमचं घर देवळीत. घरी आई माझं तोंड बघूनच समजली. आई अंगणवाडीत सेविका आहे. पोरांची तोंडं वाचणं तिचं कामच आहे.

“का झालं वं?”

मी सांगितलं. सगळं. ‘या लोकांना’ हे पण सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही, पण देठं जरा जोरात मोडायला लागली.

“आन् त्या डाक्टरच्या पोराचं?”

“त्याचंही अकराच.”

“त्याले उभं केलं?”

“नाही.”

“बरं,” आई म्हणाली. तिचं ‘बरं’ मला ठाऊक आहे. ते बरं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी त्या गणिताला बसले. सोमवारी पेपर वाटून झाल्यावर सरांनी सूत्र फळ्यावर टाकलं होतं, ‘लिहून घ्या’ म्हणाले होते, कारण सांगितलं नव्हतं. मला कारण पाहिजे होतं. मी एककं लिहिली. त्वरण म्हणजे मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. त्याला मीटरने गुणलं. आलं मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग. हा वेग नाहीच. हा वेगाचा वर्ग आहे. मी नुसती बघत राहिले. इतकं सोपं होतं, आणि आम्ही बेंच बडवत होतो.

मग पुढचं उलगडलं. देवळीच्या स्टँडवरून उभी बस निघते, ती पहिल्या थोड्याशा रस्त्यावर हळूहळू जाते. तेवढ्या रस्त्यात इंजिनाला ढकलायला भरपूर वेळ मिळतो. दुसरी बस न थांबता आधीच जोरात येते. तोच रस्ता, तेवढाच धक्का, पण ती तो रस्ता झटकन ओलांडते. धक्क्याला वेळच मिळत नाही. म्हणून तिचा वेग कमी वाढतो. म्हणून स्थानाच्या ग्राफचं क्षेत्रफळ वेगात सरळ मिळवता येत नाही. ते वेगाच्या वर्गात जातं, आणि तेही दुप्पट करून. दुप्पट कुठून येतं ते मी कॅल्क्युलसच्या धड्यात शोधलं आणि सापडलं. तीनचा वर्ग नऊ. आठाची दुप्पट सोळा. पंचवीस. वर्गमूळ पाच. उत्तर पाच.

मला आनंद झाला. खोटं का सांगू, खूप झाला. आणि आनंदाच्या मागोमाग राग आला, कारण हे कळण्यासाठी मला कुणी ‘या लोकांना’ म्हणायची काही गरज नव्हती.

त्या दिवशी मी गच्चीवर गेले नाही. हॉलमध्ये माझ्याच जागेवर बसले. सर आत आले आणि थांबले.

“तुला वर जायला सांगितलं होतं ना?”

“सर, अकरा उत्तर किती जणांचं होतं?”

“काय?”

मी वर्गाकडे वळले. “ज्यांचं ज्यांचं अकरा आलं त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर आला नाही. अथर्व पेनचं टोपण लावत होता, काढत होता. शेजारची मुलगी, जी रोज माझ्या डब्यातली भाजी खायची, ती बॅगेत काहीतरी शोधायला लागली. मी अजून थोडी थांबले. वाटलं होतं एक तरी येईल. नाही आला. सर म्हणाले, “झालं? आता ऑफिसमध्ये जाऊन बस. तुझ्या वडिलांना फोन लावतो.”

बाबा पंचायत समितीत कारकून आहेत. साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहून राहून त्यांना एक सवय लागली आहे, समोर टेबल दिसलं की हात आपोआप जुळतात. क्लासच्या ऑफिसमध्येही जुळले. सरांनी त्यांना चहा मागवला. सरांचा आवाज अगदी गोड होता.

“मुलगी हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. पण भाषणं द्यायला लागली आहे. हे तिच्या डोक्यात कुठून येतं, तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी मोठ्या मनाने घेतो. उद्या तिनं पूर्ण बॅचसमोर माफी मागावी. रँकरमध्ये राहील. नाहीतर मग बेसिक आहेच.”

“मागेल सर,” बाबा म्हणाले. “मागेल ती.”

चहाचा कप त्यांनी तसाच ठेवला होता. प्यायला नाही. पण हात जोडले. दोन्ही गोष्टी मी बघितल्या.

रात्रीच्या जेवणाला कोणी धड जेवलं नाही.

“मागून टाक बेटा,” बाबा म्हणाले. “एका शब्दानं का जाते आपलं? तो हॉल, ते सर, असं वर्ध्यात दुसरं कुठी भेटते? आपल्याले सीट पाह्यजे, भांडण नाई.”

“काऊन मागाव तिनं?” आई एकदम उसळली. “चुकलं ते गणित चुकलं. गणिताची माफी मांगतात काय कोणी?”

“तुले समजत नाई. मी रोज पाह्यतो. वाकलं का काम होते.”

“तुमी वाकले म्हणून तिनंबी वाकाव? तुमी तिच्यासाठीच वाकत होते ना आजवर?”

बाबांना लागलं. मलाही लागलं. आईने जे म्हटलं ते खरं होतं आणि म्हणायला नको होतं. बाबांनी ताटातला भात कडेला सारला आणि मला म्हणाले, “तुले जे वाटते ते कर. पण मग मले दोष नको देजो.”

मी दोष देत नाही. आजही देत नाही. ज्यांनी माणसाचे हात असे आपोआप जुळायला शिकवले त्यांना देते.

सकाळी मी हॉलमध्ये गेले. सर फळ्याजवळ एका बाजूला हाताची घडी घालून उभे होते. बॅच गच्च भरलेली. वरच्या बेसिकमधलीही काही पोरं दारात आणून उभी केली होती. बघायला.

“बोल,” सर म्हणाले.

मी मार्कर उचलला. त्यांना वाटलं असेल माफीसुद्धा लिहून देते. मी त्रिकोण काढला. पाया चार, उंची चार.

“माझं अकरा चुकलं,” मी म्हणाले. “उत्तर पाच आहे. स्थानाच्या ग्राफखालचं क्षेत्रफळ वेगात मिळवायचं नसतं. ते दुप्पट करून वेगाच्या वर्गात मिळवायचं असतं. हे मला माहीत नव्हतं. या हॉलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, कारण आपण बेंच बडवून उलटं पाठ केलं होतं.”

“माफी मागायला सांगितली आहे. शिकवायला नाही.”

“एक मिनिट, सर. आता दोन वस्तू घ्या. एक थांबलेली आहे. शून्य. तिला हा ग्राफ. शून्य अधिक सोळा, वर्गमूळ चार. दुसरी आधीच तीनने पळते आहे. तिला हाच ग्राफ. नऊ अधिक सोळा, वर्गमूळ पाच. थांबलेलीचा वेग चारने वाढला. पळणारीचा दोनने वाढला. तुम्ही शेवटी चार आणि पाच एवढंच वाचता आणि पाचवाल्याला हुशार म्हणता. सुरुवातीचा वेग कोण वाचणार?”

सर लाल झाले होते.

“फिजिक्सच्या तासाला राजकारण नको.”

“सोमवारी तुम्ही केलं ते काय होतं, सर?”

“बाहेर.”

“चूक मान्य आहे. माफी नाही. माफी तुम्ही मागायची आहे.”

“बाहेर!”

मी मार्कर ठेवला आणि निघाले. लोकांना हा प्रसंग सांगितला की ते म्हणतात, किती धीट तू. धीट वगैरे काही नव्हते. जिन्यात बसून मी तोंडात ओढणी कोंबून रडले, कारण तो एसी हॉल, तो पांढरा फळा मलाही हवा होता. दारात उभी असलेली बेसिकची पोरं माझ्या शेजारून वर गेली. एक मुलगी मात्र थांबली, म्हणाली, “ताई, ते दोन वस्तूंचं परत एकदा सांग ना.” मी तिला तिथेच जिन्यात, हाताच्या तळव्यावर पेनने काढून सांगितलं.

त्यानंतर मी क्लासला गेले नाही. फी परत मिळाली नाही, मागितलीही नाही. घरी बसून अभ्यास केला. जुनी पुस्तकं, मोबाइलवरची व्याख्यानं, आणि प्रत्येक सूत्रापुढे मी एकच प्रश्न लिहायचे, कशावरून? वेळ फार जायचा. कधी कधी वाटायचं, बाबांचंच बरोबर होतं. मग त्या टिनाच्या शेडची आठवण यायची आणि मी परत बसायचे.

निकाल लागला. इंजिनिअरिंगला सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क पडले. अथर्वला माझ्यापेक्षा जास्त पडले. ते मला मान्य आहे, त्यात मला काही म्हणायचं नाही.

आठवडाभरात बाबा संध्याकाळी घरी आले ते जवळजवळ पळतच. मोबाइल पुढे केला.

“पाह्य बेटा. आपल्या स्टँडवर लागला. एवढा मोठा फ्लेक्स. तुहा फोटो!”

त्याच क्लासचा फ्लेक्स. ‘आमचे यशस्वी विद्यार्थी.’ वरच्या ओळीत मोठे फोटो, मधोमध अथर्व. खालच्या ओळीत लहान फोटो. त्यात मी, प्रवेशाच्या वेळी दिलेल्या पासपोर्ट फोटोतली, दोन वेण्यांची. वरच्या ओळीत नुसती नावं होती. खालच्या ओळीत प्रत्येक नावापुढे कंसात एससी, एसटी, ओबीसी. बाबांनी तो फोटो स्टेटसला ठेवला होता. ऑफिसातल्या लोकांनी अभिनंदन केलं होतं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की कंसाचं मी लगेच काढलं नाही. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा भर स्टँडवर आपलं आडनाव मोठ्या अक्षरांत बघितलं होतं. आणि कोणी लावलं होतं?

त्याच रात्री क्लासच्या ऑफिसातून फोन. रविवारी सत्कार आहे, आईवडिलांना घेऊन या, शाल-श्रीफळ आहे, दोन शब्द बोला सरांबद्दल.

दोन शब्द.

मी बाबांना म्हणाले, “बाबा, ज्यांनी हाकललं ते आता मला विकताहेत. त्या कंसासकट.” बाबांनी मोबाइल हातात घेतला. मग स्टेटस काढून टाकलं. हे त्यांच्यासाठी किती जड होतं, ते मला कळतं.

सकाळी मी आणि आई स्टँडवर गेलो. भर दिवसा, बाजाराच्या दिवशी. आईने पानठेल्यावरून स्टूल मागून घेतलं. मी वर चढले आणि ब्लेडने माझा फोटो कापायला घेतला. फ्लेक्स जाड असतो, पटकन कापत नाही. लोक जमले. भाजीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी ओरडली, “काऊन फाडून राह्यली वं पोरी? पोलीस नेईन!”

“माहाच फोटो हाय मावशी,” मी वरून म्हणाले. “दुसऱ्याच्याले हात नाई लावत.”

खरंच नाही लावला. अथर्वच्या फोटोला नाही, सरांच्या नाही. फक्त माझा चौकोन कापला, नाव आणि कंसासकट. आईने तो खालून घेतला, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

दुपारी सरांचा फोन आला. स्वतः.

“हे काय चालवलंय? नुकसानभरपाई मागू शकतो मी.”

“मागा. कोर्टात सांगेन मला कसं काढलं ते.”

“तू आमच्याकडे शिकली नाहीस का?”

“शिकले ना. फ्लेक्सवर लिहा तसं. ‘माफी मागितली नाही म्हणून हाकललेली विद्यार्थिनी.’ मग लावा फोटो. अथर्वच्या एवढा मोठा लावा.”

फोन बंद झाला.

मी आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथेही माझा पेपर हातात घेणारे आहेत, कंस वाचणारे आहेत. मी चुकते. पुढेही चुकेन. चुकायचा मला तेवढाच हक्क आहे जेवढा डॉक्टरच्या पोराला. त्या चुकीत कोणी माझी आई, माझे बाबा, माझी वस्ती ओढली, तर मी खाली बसणार नाही.

दर जूनमध्ये त्या क्लासपुढे प्रवेशाची गर्दी होते. आईबाप पोरांचे हात धरून उभे असतात. मागच्या जूनमध्ये मी तिथे जाऊन उभी राहिले. ज्यांनी विचारलं त्यांना गच्चीवरच्या शेडबद्दल सांगितलं, मला काय म्हटलं ते शब्दाला शब्द सांगितलं. कोणाला अडवलं नाही. काही आत गेले, काही परत गेले. क्लासचा माणूस येऊन म्हणाला, इथून निघा. मी निघाले नाही. या जूनमध्येही जाणार आहे. पुढच्याही.

क्लास त्यांचा आहे. रस्ता त्यांचा नाही.